हाताला लागणारा किल्ला

...नाही, पण मी काय म्हणतो, समोर किल्ला आहे, दार सताड उघडं आहे, आत राजाचा खजिना आहे, तर धडधाकट माणसाने आत जावं की नाही? जावं ना! तुम्ही गेला असतात, मीही गेलो असतो, पण आमची मंडळी कुठे? नकाशाबाहेर!

तुम्हाला सांगतो, हा खेळच मुळात जिवावरचा. दर रविवारी दुपारी माझ्या घरी टेबलाभोवती बसायचं, प्रत्येकाने एकेक वीर व्हायचं, तो काय करतो ते तोंडाने सांगायचं, हातात बोटभर उंचीचा बाहुला, आणि मी... मी म्हणजे उरलेलं सगळं जग! राक्षस मी, राणी मी, वारा मी, घोडाही मीच. आणि लढाई म्हटली की चौकटी आखलेला नकाशा लागतो, बाहुले हलवायला. तो कोण काढणार? मीच! आठवडाभर लोकांचे नळ दुरुस्त करायचे आणि संध्याकाळी पाठ मोडेस्तोवर खंदक रंगवायचे. मागे एकदा अख्खं गाव काढलं, कोंबड्यांसकट! तर ट्रुडी, ही आमच्यातली सगळ्यात दांडगी, सिमेंटचा ट्रक चालवते, ती म्हणते कशी, "गाव नको बाई, मी नदीने जाते." नदी कुठे होती? नकाशाबाहेर!

बरं, तेही सोसलं असतं. पण मध्ये क्लॅरीचं झालं.

क्लॅरी म्हणजे आमच्यातला सगळ्यात म्हातारा, जन्मभर रेल्वेचं फाटक सांभाळलेला. त्याने एकदा आपला वीर उचलला आणि पुलावर ठेवायच्या ऐवजी सरळ लाव्हात ठेवला. आम्ही हसलो, आम्हाला वाटलं थट्टा करतोय. तोही हसला. आणि दुसऱ्या दिवशी त्याचा फोन, "लायल, मी आता येत नाही रे. डोळ्यांचं मधलं दिसणं गेलंय. कडा दिसतात, पण ज्याच्याकडे बघावं तिथेच डाग. तुमचा खोळंबा कशाला?"

आता काय बोलायचं सांगा! बायको गेल्यापासून त्या माणसाला आमच्या टेबलाशिवाय होतं काय? मी म्हटलं, "एकदा ये. एकदाच." आणि फोन ठेवल्यावर कळलं की बोलून बसलो, पण करणार काय?

मग मी काय केलं... हाताला लागेल असा किल्ला करायला घेतला! प्लायवूडची मोठी फळी, भिंतींना जाड दोरी, वाटेला सँडपेपर, पुलाला आइस्क्रीमच्या काड्या, नदीला न्हाणीघराच्या फटी भरायचं ते सिलिकॉन... वास असा की आमच्या लॉन्सेस्टन गावच्या थंडीत सगळ्या खिडक्या उघड्या टाकून आम्ही दोघं कोट घालून जेवत होतो! माझी बायको नोलीन, सोशिक बाई, पण तिचीही शेवटी सहनशक्ती संपली.

"लायल, माझी मखमली उशी कुठाय?"

"दलदलीत."

"कसल्या दलदलीत?"

"किल्ल्याच्या डावीकडच्या."

 

तर रविवार आला. क्लॅरीला त्याच्या मुलीने सोडलं, कोट काढायलाही तयार नव्हता, म्हणाला, "जरा वेळ बसतो नि जातो." नोलीनने शिंपल्यांचं सारण भरलेले गरम पॅटिस ठेवले, त्यांना हात लावला नाही. मी त्याचा हात धरून फळीवर टेकवला. बोटं दोरीवरून हळूहळू निघाली.

"ही भिंत?"

"भिंत."

"हा पूल... आणि हे मऊ मऊ?"

"दलदल."

"नोलीनची उशी आहे ही. हिच्यावर बसलोय मी."

त्याची बोटं परत भिंतीवरून फिरली, दारापाशी थांबली, आणि मी मनात म्हटलं, आता! आता हा आत जाणार, आता लढणार, सार्थक झालं लायल!

आणि तेवढ्यात ट्रुडी! दारावर एक राक्षस पहारेकरी उभा केला होता, मारण्यापुरताच हो, एका घावाचा! तर ही त्याला विचारते, "काय रे, नाव काय तुझं?"

नाव? त्याला नाव कुठलं! मी आवाज खोल करून म्हणालो, "ग... ग... ग्लेन."

"ग्लेन, जेवलास का?"

आणि क्लॅरी पुढे सरकला! "ग्लेन, दिवसभर उभा असतोस, पाय सुजतात ना? माझे सुजायचे. मोजे बदलत जा मध्येच." आता राक्षस काय म्हणणार? म्हणाला, "बदली माणूसच देत नाहीत हो." "हं! आमच्याकडेही तेच! आई आहे का तुला? कधी भेटलास तिला शेवटचं?" ग्लेन रडायलाच लागला... म्हणजे मी रडायला लागलो, आवाज काढता काढता खराच! क्लॅरीने केव्हा कोट काढला, केव्हा दोन पॅटिस खाल्ले, कळलं नाही. बोलायला डोळे कशाला लागतात? टेबल थापटत, खो खो हसत होता तो! आणि शेवटी निर्णय काय? तर ग्लेनने नोकरी सोडायची आणि सगळ्यांनी मिळून त्याला आईकडे पोचवायचं! किल्ला तिथेच, खजिना तिथेच, आणि मंडळी राक्षसाच्या गळ्यात हात टाकून चालली... कुठे? नकाशाबाहेर!

मुलगी न्यायला आली तर क्लॅरी उठेना. दारात मला म्हणाला, "पुढच्या रविवारी जरा लवकर येतो. आणि लायल, भिंत छान होती रे. ग्लेनच्या आईचं घरही तसंच कर, हाताला लागेल असं."

नाही कसं म्हणणार? आता बसलोय चिकटवत. कौलं झाली, अंगण झालं, चूल झाली, नोलीनने आपणहून पडद्याचा तुकडाही दिला. आणि मला आत्ताच माहितीये, तुम्हाला सांगतो, पक्कं माहितीये... ही माणसं त्या म्हातारीला रस्त्यातच गाठणार!