उभं राहायची जागा

मुरिन : शेवाळ काय पळून चाललंय का, अहो आई? ब्रश ठेवा खाली आणि मी विचारतेय त्याचं उत्तर द्या.

अट्रॅक्टा : उद्या कबरींचा रविवार. अख्खा गाव इथं आपापल्या माणसांपाशी उभा राहणार, फादर पवित्र पाणी शिंपडत येणार, आणि तुझ्या सासऱ्याच्या कबरीचा दगड हा असा हिरवा? लोकांना वर्षभराचा विषय झाला. बादली इकडं सरकव.

मुरिन : ही घ्या बादली. काटेझुडूप कोण आहे?

अट्रॅक्टा : काटेझुडूप म्हणजे काटेझुडूप. कुंपणाला असतं. पांढरं फुलतं, घरात आणू नये. तुझ्या आईनं एवढंही शिकवलं नाही?

मुरिन : मी इंटरनेटवर 'काटेझुडूप' नाव लावून कोण लिहितं, त्याचं विचारतेय. आमच्या गटातल्या.

अट्रॅक्टा : कसला गट बाई?

मुरिन : बघा, कसं निरागस विचारताय! डॅराला मांडीवर घेऊन पाजताना मी फोनवर काय करत असते म्हणून रोज टोमणे मारता ना, तोच गट. लोक कुठून कुठून विचारत येतात, आमचा आजा-पणजा आयर्लंडातल्या कुठल्या गावचा, आणि आम्ही सगळे मिळून शोधून देतो.

अट्रॅक्टा : फुकट?

मुरिन : फुकट.

अट्रॅक्टा : तिथंच माझा विश्वास उडतो. फुकट कुणी कुणाची मेंढी शोधून देत नाही, आजा कुठला शोधतंय! सगळ्यांना शेवटी जमीन हवी असते.

मुरिन : आणि काटेझुडपाला काय हवंय? तेही फुकटच शोधून देतंय. लोरेन पिकरिंगला. इंग्लंडातल्या, हडर्सफील्डच्या. तिचा बाप कोण ते.

अट्रॅक्टा : नाव ऐकलं नाही मी. तो कोपरा बघ, मुंग्यांनी पार पोखरलाय.

मुरिन : आई, तुमच्या लेकानं, कॉननं, नाताळात दिलेल्या टॅबलेटवर तुम्ही काय करता?

अट्रॅक्टा : मयताच्या बातम्या वाचते. आणि गुडघे दुखत असले की घरबसल्या मिस्साची प्रार्थना ऐकते. चर्चच्या हॉलमधल्या पोरीनं तेवढंच शिकवलंय.

मुरिन : तेवढंच? मग काटेझुडपाला 'विणकर स्कॅनलन' हे नाव कुठून कळलं? मी सगळे कागद बघितलेत. जन्माचे, लग्नाचे, शिरगणतीचे. सगळीकडे नुसतं स्कॅनलन. त्यांना विणकर म्हणतात आणि आपल्याला ओढ्याकडचे म्हणतात, हे या गावाबाहेर कुत्र्याला तरी ठाऊक आहे का?

अट्रॅक्टा : गावात काय मी एकटीच राहते? कुणीही लिहिलं असेल.

मुरिन : तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तो आठवडा काटेझुडूप गप्प होतं. पट्टी निघाली त्या दिवशी पुन्हा बोलायला लागलं.

अट्रॅक्टा : घरात सून आणलीय मी की पोलीस?

मुरिन : म्हणजे तुम्हीच.

अट्रॅक्टा : मी असं म्हटलं का?

मुरिन : नाही कुठं म्हटलं?

अट्रॅक्टा : ...हळू बोल. पोर उठेल.

मुरिन : तो उठत नाही. बाबागाडीत घातला की मेंढरासारखा झोपतो. आई, काल मी त्या बाईचं सगळं पहिल्यापासून वाचलं. तिनं एक फोटो टाकलाय. तिची आई आणि एक तरुण माणूस, नाचघराच्या पायरीवर. माणूस हसतोय. डाव्या कानाची पाळी अर्धी तुटलेली.

अट्रॅक्टा : इंग्लंडात काम करणाऱ्या आपल्या निम्म्या पोरांचे कान तुटलेले असायचे.

मुरिन : बाबांसारखे, गाढवानं चावून? आपल्या जिन्यापाशी तुमच्या लग्नाचा फोटो आहे. रोज पुसते मी तो. तोच कान. आणि त्या फोटोखाली सगळ्यांत आधी काटेझुडूप येऊन सांगतंय, हा तर मॅट विणकर, लग्न झालं नव्हतं, वारला, आमच्या कब्रस्तानात यूच्या झाडाखाली आहे. आई! मॅट विणकर! बाई समोरून आली की रस्ता ओलांडून जायचा बिचारा, असं तुम्हीच सांगता. त्याच्या गळ्यात तुम्ही मुलगी मारलीत?

अट्रॅक्टा : मेलाय तो. त्याचं काय जातंय? उलट जरा भाव वाढला.

मुरिन : हसू नका. मला राग आलाय.

अट्रॅक्टा : मी कुठं हसतेय?

मुरिन : ती बाई उद्या येतेय. जहाजाचं तिकीट काढलंय तिनं. उद्या फुलं घेऊन विणकरांच्या कबरीपाशी जाऊन उभी राहणार. तिथं बेसी विणकर असणार, मॅटची सख्खी बहीण.

अट्रॅक्टा : बेसी दवाखान्यात आहे.

मुरिन : काल सोडलं तिला. चाकाच्या खुर्चीतून येणार आहे. आणि सगळ्या गावासमोर ही बाई तिला म्हणणार, हे माझे बाबा.

अट्रॅक्टा : देवा! बेसी काठी फेकून मारेल.

मुरिन : मारेलच. आणि त्या लोरेनचं काय होईल? परकी बाई, जन्मात पहिल्यांदा आपल्या माणसाजवळ उभं राहायला येतेय, आणि लोक तिला हसणार.

अट्रॅक्टा : आणि ती इथं उभी राहिली तर मला हसतील. त्याचं कुणाला काही आहे? तू कुणाच्या बाजूची? तुझं पोर या घरचं आहे, या ओढ्याकडच्या शेताचं आहे.

मुरिन : तिला शेत नकोय.

अट्रॅक्टा : वकील येईपर्यंत कुणालाच नको असतं.

मुरिन : तुम्हाला शेताची भीती नाही, आई. तसं असतं तर तुम्ही कॉनला सांगितलं असतं. तुम्ही कुणालाच सांगितलं नाहीत.

अट्रॅक्टा : मग कसली भीती आहे मला? सांग ना, तू तर सगळं शोधून काढतेस.

मुरिन : बाबांची.

अट्रॅक्टा : मेलेल्या माणसाची?

मुरिन : त्यांना ही मुलगी ठाऊक होती का, याची.

अट्रॅक्टा : ...दर वर्षी मी इथं उभी राहिले. आधी त्याच्या शेजारी, त्याच्या आईबापांपाशी. मग त्याच्यापाशी. मातीत कोण आहे ते मला ठाऊक होतं. खोकला की कळायचं पाऊस येणार. बटाटा फोडला की मोठी फोड माझ्या ताटात सरकवायचा. आणि मग टॅबलेटवर तो फोटो. तसं हसताना मी त्याला कधी बघितलंच नव्हतं. म्हटलं, हा रोज माझ्यासमोर बसून जेवत होता, तेव्हा त्याच्या पोटात हे होतं का? इतकी वर्षं? कुणाला विचारू? ह्या दगडाला?

मुरिन : तिला विचारायचं होतं.

अट्रॅक्टा : आणि ती म्हणाली असती, हो, ठाऊक होतं, तर? नको ग बाई. त्यापेक्षा मॅट बरा.

मुरिन : आई, फाटकाकडं बघा.

अट्रॅक्टा : कोण आहे?

मुरिन : निळा रेनकोट. तीच आहे ती, एक दिवस आधीच आली. फोटोत बघितलंय मी तिला.

अट्रॅक्टा : तिनं तुला बघितलंय?

मुरिन : नाही. मी तिच्याशी कधी एक शब्द बोलले नाही.

अट्रॅक्टा : मग तोंड मिटून बस. चूं करू नकोस.

मुरिन : नाही करत. तुम्हीच बोला काय ते. पण मी इथून हलणार नाही.

लोरेन : माफ करा हं, तुमच्या कामात येतेय. विणकर स्कॅनलनांची कबर कुठंशी आहे? यूच्या झाडाखाली म्हणून सांगितलं होतं, पण इथं यूची झाडं तीन दिसतात.

अट्रॅक्टा : कुणी सांगितलं तुम्हाला?

लोरेन : इंटरनेटवरची एक मैत्रीण आहे. अरे, तुमच्याही दगडावर स्कॅनलन!

अट्रॅक्टा : इथं दगड मारला तर स्कॅनलनलाच लागतो.

लोरेन : तीही तसंच म्हणाली होती! काटेझुडूप नाव लावते. खरं नाव सांगत नाही. माझा नवरा म्हणतो, सावध राहा, फुकट एवढं कुणी करत नाही, एक दिवस बँकेचा नंबर मागेल.

अट्रॅक्टा : शहाणा आहे तुमचा नवरा. मागितला का?

लोरेन : छे. तिनं विचारलं काय, तर खोकला गेला का. आई गेली त्या थंडीत मी फार खचले होते, तर रोज सकाळी तिचा निरोप असायचा. ओटमील खा. लोकरीचे मोजे घाल. माझ्या मेंढीला जुळी झाली. असलंच काहीतरी. खरं सांगू का, मेलेल्या बापापेक्षा मला तीच भेटायला हवी आहे. तुम्हाला ठाऊक आहे का हो ती कोण?

अट्रॅक्टा : माझ्या सुनेकडं बघू नका. ती बाहेरगावची आहे.

मुरिन : वीस मैलांवरची.

अट्रॅक्टा : तेच ते. बसा जरा त्या दगडी कठड्यावर. तुमच्या आईनं... तुमच्या बापाबद्दल काय सांगितलं होतं तुम्हाला?

लोरेन : फार नाही. स्कॅनलन, इकडं स्लायगोकडचा, एवढंच. पहिलं नाव सांगितलं की मी शोधायला जाईन म्हणून सांगायची नाही. तिचं लग्न पुढं दुसऱ्याशी झालं, चांगला होता तो. पण शेवटच्या आजारात तिनं तो फोटो काढला. म्हणाली, तुझा बाप वाईट नव्हता, त्याच्यावर राग धरू नकोस. त्याला काही ठाऊकच नाही.

अट्रॅक्टा : ठाऊक नाही?

लोरेन : नाही ना. त्याचा बाप इकडं आजारी पडला, तो काम टाकून गावी परतला. आईला नंतर कळलं, की मी आहे. तिनं कळवलंच नाही. म्हणायची, सांगितलं असतं तर तो धावत परत आला असता, आणि इथं एक म्हातारा एकटा मेला असता. ते ओझं तिला नको होतं.

अट्रॅक्टा : म्हणजे कधीच? नंतर कधी पोस्टानं, कुणा माणसाकरवी?

लोरेन : कधीच नाही. तो मेला असेल तर मी आहे हे न कळताच मेला.

अट्रॅक्टा : ...आला असता तो. धावतच आला असता. आणि म्हाताऱ्याचं काय झालं असतं! उजवी बाजू सगळी गेलेली. चमच्याचमच्यानं भरवावं लागायचं.

लोरेन : कुणाला?

अट्रॅक्टा : त्याच्या बापाला.

लोरेन : पण काटेझुडूप तर म्हणाली होती, मॅटचे वडील तो लहान असतानाच गेले.

अट्रॅक्टा : मॅटचे गेलेच.

लोरेन : तुम्ही कुणाबद्दल बोलताय, बाई?

अट्रॅक्टा : ती तुमची मैत्रीण भेटली तर काय करणार तुम्ही?

लोरेन : आधी मिठी मारीन.

अट्रॅक्टा : आणि तिनं तुम्हाला मुद्दाम चुकीच्या कबरीकडं पाठवलं असेल तर?

लोरेन : ...तर विचारीन, का म्हणून.

अट्रॅक्टा : तिला वाटलं, आपला नवरा जन्मभर तोंड मिटून आपल्यासमोर जेवला. ते खरं निघालं तर तिच्याकडं काही उरलं नसतं. पुन्हा रोज सकाळी तुझा निरोप आला नाही तर तिला चैनही पडायची नाही. म्हातारपणी असलं वेडं होतं माणूस. ऊठ. इकडं ये. हे वाच.

लोरेन : बार्टली... बार्टली स्कॅनलन.

अट्रॅक्टा : बार्ट म्हणायचे सगळे.

लोरेन : आई झोपेत एकदा म्हणाली होती. बार्ट. मला वाटलं, कुणी शेजारी असेल.

मुरिन : रुमाल घ्या. बाळाचा आहे, पण धुतलेला आहे.

लोरेन : मला राग यायला हवा ना? कुठं गेला कुणास ठाऊक. जहाजात बसून मी मॅटशी काय काय बोलले मनातल्या मनात!

अट्रॅक्टा : मॅटला बरं वाटलं असेल. त्याच्याशी कुठली बाई एवढं बोलली नव्हती.

मुरिन : अहो आई!

अट्रॅक्टा : खरं तेच सांगतेय. आणि तो कान. तुझ्या आईला कानाचं काय सांगितलं होतं त्यानं?

लोरेन : मारामारीत तुटला म्हणून. लिव्हरपूलच्या गोदीवर, तिघांशी एकटा लढला.

अट्रॅक्टा : तिघांशी! गाढव होतं ते, पोरी. एक गाढव. म्हातारं, आंधळं. गाजर लपवलं म्हणून चावलं त्याला.

लोरेन : खरंच?

अट्रॅक्टा : म्हणजे थापा मारायला येत होत्या त्याला. फक्त मला मारल्या नाहीत.

मुरिन : डॅरा उठला. ये रे, ये. बघ कोण आलंय.

लोरेन : हा त्यांचा नातू?

मुरिन : हो. आणि तुमचा भाचा. घ्याल? डोकं जरा धरा, अजून मान सावरत नाही.

लोरेन : ...किती गरम आहे हा! तुमची अडचण मला कळते, बाई. उद्या मी लांब उभी राहीन, तिकडं भिंतीपाशी. कुणाला काही कळणार नाही.

अट्रॅक्टा : भिंतीपाशी उभं राहिलेल्यालाच लोक आधी बघतात. इथं कुणी कुणाला विचारत नाही, तू कोण म्हणून. कुठं उभी आहेस ते बघतात, आणि घरी जाऊन चहाबरोबर बोलतात. बोलू देत. मुरिन, कॉनला फोन लाव. उद्या गाडीत घडीची खुर्ची एक जास्त टाक म्हणावं.

मुरिन : आणि कुणासाठी विचारलं त्यानं तर?

अट्रॅक्टा : ते मी घरी गेल्यावर सांगेन. तू नुसतं खुर्चीचं सांग.