ढोलीतला डबा

उर्वशी : दुर्गाताई, शेतात माझा मोजणीचा डबाच नाही! तारा जागच्या जागी आहेत, डबा तेवढा गेला.

दुर्गा : घाबरू नोको. माह्या घरच्या ढोलीत हाय, धानात दाबून ठेवला.

उर्वशी : चालू असताना उपटलात?

दुर्गा : हिरवा दिवा इझला का काम झालं, तुनंच सांगतलं ना? इझल्यावरच उचलला.

उर्वशी : हुश्श! द्या मग लवकर. चंद्रपूरकडे विजेच्या तारांचा नुसता गोंगाट, डब्याला जमिनीतलं काही ऐकूच येत नाही. बाबा ऊर्जानगरला वीज बनवतात, अन् मी त्याच विजेपासून पळतेय. एवढी शांत जागा मला दुसरी मिळायची नाही.

दुर्गा : देईन. पयले खरं सांग. मांग पल्याडच्या डोंगरावर असेच मोजनारे आले, गोड बोलले. मंग मशिनी आल्या. डोंगर गेला, आमच्या देवालेही उठवा लागलं. तुह्या डब्ब्याले आमच्या खाली काय सापडनार हाय?

उर्वशी : जमिनीतून वीज किती सहज जाते, तेवढंच तो मोजतो. त्यावरून खोलातले खडक कळतात.

दुर्गा : किती खोल?

उर्वशी : इथून धानोरा जेवढं लांब, तेवढं सरळ खाली. वीस किलोमीटर.

दुर्गा : आन् खोदनारे?

उर्वशी : कुणी पोचत नाही तिथं. जगातलं सगळ्यात खोल भोक बारा किलोमीटरवरच थकलं.

दुर्गा : देवाची आन?

उर्वशी : देवाची आन, ताई.

दुर्गा : हे घे.

(उर्वशी ओसरीवरच लॅपटॉप उघडून डबा जोडते.)

उर्वशी : अगं बाई! ताई, बघा, बघा! इथं रेघ खाली वळली!

दुर्गा : मंजे काय?

उर्वशी : तिथं खाली वीज धो धो वाहतेय, जुन्या सांध्यातून वाहते तशी! कधीकाळी दोन वेगळ्या जमिनी इथं जोडल्या गेल्या, असं मी दोन वर्षं घसा फोडून सांगत होते. कुणी मानेना. हा बघा त्यांचा सांधा!

दुर्गा : वाकळीची शिवन असते, तसा? आमच्या धानाखाली?

उर्वशी : तस्साच! मला नाचावंसं वाटतंय!

दुर्गा : नाच ना मंग, कोन पाह्यते!

उर्वशी : पण रेघ इतकी स्वच्छ कशी? तुमच्या कुंपणाची झटका मशीन रात्री चालू असते ना?

दुर्गा : बंद ठेवली. तुले शब्द देल्ला होता.

उर्वशी : अन् रानडुकरं?

दुर्गा : आले ना. बांधाकडचा धान लोळवून गेले.

उर्वशी : ताई! धावून हाकलायचं तरी!

दुर्गा : धावलो असतो त जमीन हालली असती. तेही तुनंच सांगतलं.

उर्वशी : माझ्या एका रेघेसाठी धान घालवलंत!

दुर्गा : याच्याहून खोलातलं आयकू येते का?

उर्वशी : आणखी एक रात्र मिळाली तर येईल. पण तुमचं धान...

दुर्गा : जेवून घे. मंग दोघी मिळून डब्बा पुरून येऊ.