त्याच्या हातचा ग्लास

गंगाखेड स्टेशनात हैदराबादच्या गाडीसाठी थांबलेल्या रेणुकाच्या शेजारी एक म्हातारं जोडपं हळू आवाजात भांडत होतं. तिनं नजर मोबाईलवर ठेवली, कान मात्र तिकडंच लागले.

"सिंगापूरला जाऊन दारू पिणार तुमी?"

"सिंगापूर स्लिंग म्हणतेत तिला. ती प्यायला दुनियेतून लोक येतेत. आपला शिवप्रकाश तिथल्या बारमधी बनवतो ती, नागू."

"त्यापायीच तर बोलणं तोडलं तुमी त्याच्याशी."

"म्हणूनच त्याच्या समोर बसून, त्याच्याच हातची मागणार हाय."

"लिंगायत आपण. गळ्यात इष्टलिंग हाय तुमच्या."

"पोराचा फोन उचलत नव्हतो, तवाबी होतं की."

नागुबाईंनी मांडीवरच्या पिशवीचा बंद बोटाभोवती गुंडाळला.

"शरबत मागा. त्याला चालंल."

"त्याला चालंल. मला न्हाई."

"आन् त्यानंच दिली न्हाई तर?"

"देईपर्यंत बसून राहीन."

गाडी फलाटाला लागली. नागुबाईंनी पिशवी नवऱ्याच्या हातात दिली, पण बंद काही सोडला नाही.

"कडू लागली तरी तोंड वाकडं करू नका. त्यो तुमच्याकडंच बघत असंल."