पहिलं काय कराल?

ती – …तसं नाही, आधी पूर्ण ऐका. क्लायंट साइटवर आला, भिंतीकडे बघून म्हणाला, इथे एक खिडकी हवी होती बुवा. नकाशात खिडकी नाही. प्रोजेक्ट मॅनेजरने पहिलं काय करावं?

तो – बदलाचा परिणाम तपासावा. वेळ, खर्च, दर्जा. मग लेखी विनंती कमिटीपुढे ठेवावी.

ती – बरोबर.

तो – पुढचं.

ती – थांबा की जरा. मंगळवारी हेच कार्ड काढलं तेव्हा काय म्हणाला होतात, आठवतंय? म्हणालात, गवंडी तिथेच उभा आहे, आत्ता जागा सोडली तर दोन तासांचं काम, कमिटी बसेपर्यंत भिंत वर जाईल. मी कपाळाला हात लावला होता.

तो – चूक होतं ते.

ती – चूक होतंच. पण तुमचं होतं. घ्या, पुढचं.

(स्वयंपाकघरातलं टेबल, दुपारचे चार. तिच्यासमोर जुन्या कॅलेंडरांच्या जाड पानांची कापलेली एकशे चाळीस कार्डं, पुढे तिच्या अक्षरातले प्रश्न, पाठीमागे गेलेल्या महिन्यांच्या तारखा. त्याच्यासमोर सकाळी भरून दिलेला डबा, झाकणही न उघडलेला.)

ती – टीममधल्या दोघांचं भांडण झालंय, कामावर परिणाम होतोय. पहिलं काय कराल?

तो – दोघांना समोरासमोर बसवावं. मूळ कारण शोधावं. एकत्र तोडगा काढावा.

ती – बरोबर. एकाला वरच्या मजल्यावर आणि एकाला तळघरात नाही पाठवायचं?

तो – नाही. पुस्तकात तसं नाही.

ती – आधीच्या दोन्ही पेपरांत त्याच उत्तरावर आपटलात तुम्ही. हे कार्ड, सवडीचं. एका कामाला सहा दिवसांची सवड आहे, ते चार दिवस रखडलं. प्रोजेक्टच्या शेवटच्या तारखेचं काय होईल?

तो – काही नाही. सहातले चार गेले, दोन उरले. लक्ष ठेवायचं.

ती – ओरडायचं नाही?

तो – नाही.

ती – आणि ज्या वाटेवर सवडच नाही, तिथे एक दिवस रखडलं तर?

तो – सगळं एक दिवस पुढे जातं. ती क्रिटिकल पाथ.

ती – ‘थांबायला जागा नसलेली वाट’ असं लिहिलंय मी. तुमच्या त्या इंग्रजी पुस्तकापेक्षा माझं बरं आहे. शब्दकोश घेऊन बसले सात महिने, उगाच नाही. बरं, हे घ्या. रात्रभर पाऊस पडायचा अंदाज आहे, पाया उघडा आहे. पहिलं काय कराल?

तो – रिस्क रजिस्टर बघावं. ठरवून ठेवलेला उपाय अमलात आणावा.

ती – अहो.

तो – काय?

ती – पंपाचं नाव नाही काढलंत.

तो – काढायचं नसतं ना.

ती – या कार्डाचं उत्तर तुम्ही आजवर एकदाही बरोबर दिलेलं नाही. पाऊस म्हटला की पंपापाशी जाईन. वीज गेली, पंपापाशी जाईन. क्लायंट रागावलाय म्हटलं तरी, पहिल्यांदा पंपाकडे एक चक्कर मारून येतो आणि मग त्याला भेटतो. मी म्हटलंसुद्धा होतं, त्या पंपाशीच लग्न करायचं होतंत तुम्ही.

तो – चौदा महिने चालू आहे तो. चोवीस तास. नऊ मीटर खड्डा आहे, तीन बाजूंनी पाणी झिरपतं. बंद पडला की भरायला लागतं.

ती – तेच तर. हे तुम्ही कार्डाच्या आधी सांगता. आज विचारल्यावर सांगताय.

तो – पाठ झालं असेल आता. सात महिने झाले.

ती – काल रात्री पाठ नव्हतं. काल दहातली तीन बरोबर होती. आज नऊतली नऊ. आणि उद्या नऊ वाजता सर्टिफिकेटचा पेपर आहे, म्हणजे मी खरं तर देवासमोर साखर ठेवायला हवी.

तो – मग ठेव.

ती – डबा का उघडला नाहीत?

तो – भूक नव्हती.

ती – चार वाजता घरी कसे आलात?

तो – अभ्यास करायचा म्हणून सुटी मागितली.

ती – आणि हेल्मेट? सव्वीस वर्षांत हेल्मेट घरी आणलेलं मी पाहिलेलं नाही. चहाचा मगही आणलाय. दाराशी पिशवी ठेवलीत ती वाजली, तेव्हाच मला कळलं होतं त्यात मग आहे.

तो – पुढचं कार्ड काढ गं.

ती – काढते. हे फार सोपं आहे. रिस्क आणि इश्यू यांत फरक काय?

तो – रिस्क म्हणजे अजून न झालेलं. होईल किंवा होणार नाही.

ती – आणि इश्यू?

तो – झालेलं.

ती – रिस्क माझ्या काळजीच्या वहीत. इश्यू दुसऱ्या, झाल्याच्या वहीत. काळजीच्या वहीत पहिल्या पानावर मी स्वतः लिहून ठेवलंय, सात महिन्यांपूर्वी. या पेपरात नापास झालात, तर तुमच्या खुर्चीत सर्टिफिकेटवाला दुसरा कुणी बसेल. हेड ऑफिसने तसं साफ सांगितलं होतं. वर्षातून तीनदाच बसता येतं, दोनदा झालं, उद्या शेवटचं. मी रोज ते पान उघडून बघते. आज त्याचं काय करू? राहू दे तिथेच?

तो – तिथे नको.

ती – अहो, कुठल्या वहीत लिहू?

तो – दुसऱ्या.

ती – कधी झालं?

तो – साडेदहाला. फोन आला.

ती – साहेबांचा?

तो – नाही, एका मुलीचा. नवीन असेल. कागदावरून वाचून दाखवत होती, मध्ये एकदा दम लागला तिला. म्हणाली, क्लायंटने प्रकल्पातून माघार घेतली आहे, त्यामुळे हा प्रकल्प नियोजित कालावधीपूर्वी समाप्त करण्यात येत आहे. मी म्हटलं, बाई, मराठीत सांगा. ती म्हणाली, सर, हे मराठीच आहे.

ती – आणि खुर्ची?

तो – खुर्चीच नाही. दुसरा कुणी बसायचा प्रश्नच मिटला.

ती – माणसं?

तो – बासष्ट. मीच सांगितलं सगळ्यांना, तेवढं मला करू द्या म्हटलं. कुणी भांडलं नाही. भांडले असते तर बरं झालं असतं, दोघांना समोरासमोर बसवलं असतं. क्रेनवाल्याने फक्त विचारलं, साहेब, हूक वर ठेवू की खाली?

ती – काय सांगितलंत?

तो – वर घे आणि ब्रेक सोडून ठेव. वारा येईल तशी फिरू दे तिला. बांधून ठेवली तर पडते.

ती – आणि मला सांगायचं नव्हतं?

तो – आलो तर तू कार्डं लावून बसली होतीस. चष्मा पुसून. दोन पेन्सिली टोक काढून ठेवलेल्या. पेपर कॉम्प्युटरवर असतो, पेन्सिल लागत नाही, हे मी तुला दोनदा सांगितलंय.

ती – लागली तर असावी.

तो – म्हटलं, आज होऊ दे. एवढी कार्डं होऊ देत.

ती – म्हणून सगळी बरोबर आली?

तो – अगं, आधी कार्डावर टीम मेंबर असं आलं की मला टीम मेंबर दिसायचाच नाही. सर्व्हेवाली दिसायची, एक डोळा मिटून दुर्बिणीत बघणारी. गवंडी म्हटलं की तो कानामागे बिडी खोचलेला म्हातारा. त्याला मी कसं सांगू की थांब, कमिटी बसायची आहे? तो हसला असता मला. मग उत्तर चुकायचं. आज तू वाचत होतीस आणि कुणी येतच नव्हतं. नुसती वाक्यं होती. वाक्यांची उत्तरं सोपी असतात.

ती – मग उद्या पास व्हाल तुम्ही.

तो – बहुतेक.

ती – सर्टिफिकेट तर कुठेही चालतं ना? त्या पुस्तकाच्या पहिल्याच पानावर लिहिलंय, जगात कुठेही.

तो – चालतं. गेल्या महिन्यात गपचूप एका ठिकाणी अर्ज भरायला बसलो होतो, कॉम्प्युटरवर. जन्मसाल निवडायचं होतं. यादी खाली खाली सरकवली. माझं साल यायच्या आधीच यादी संपली.

ती – परत बघितलंत?

तो – तीनदा. वाटलं, यंत्र अडकलं असेल.

ती – दुसरीकडे कुठे…

तो – दुसरीकडे फोन केला होता, जुन्या मित्राला, पुलाच्या कामावर असतो तो. तो म्हणाला, बरं झालं फोन केलास, मीच तुला विचारणार होतो तुमच्याकडे काही आहे का.

ती – चहा टाकू?

तो – नको. लेकीला सांगू नकोस. तिची परीक्षा आहे सोमवारी.

ती – या घरात सगळ्यांच्या परीक्षा असतात. माझीच नसते. मी मेली एकशे चाळीस कार्डं डोळे मिटून सांगेन, पण मला बसू द्यायचे नाहीत. तीन वर्षं प्रोजेक्ट सांभाळल्याचा दाखला लागतो. सव्वीस वर्षं तुम्हाला सांभाळलंय, त्याचा दाखला कोण देणार?

तो – मी देतो.

ती – तुमच्या सहीला आता काय किंमत आहे? साडेदहापर्यंत होती.

तो – हसलीस वाटतं.

ती – नाही हसले. शर्टाला इस्त्री केलीय, निळ्या. जाणार आहात ना उद्या?

तो – जाईन. नऊ वाजता घरात बसून काय करू? सव्वीस वर्षं नऊ वाजता घर कसं दिसतं ते मला माहीत नाही.

ती – काही विशेष नसतं. भांडी असतात.

तो – एक फॉर्म पाठवलाय त्या मुलीने. आजच भरून द्यायचाय. या प्रकल्पातून आपण काय शिकलो, अशी एक चौकट आहे. काडेपेटीएवढी.

ती – काय लिहिलंत?

तो – अजून काही नाही.

ती – मग त्याचंच कार्ड आहे इथे. एकशे चाळिसावं. हे मी नेहमी शेवटी ठेवते, आपण पोचतच नाही इथपर्यंत, तुम्ही आधीच पेंगता. वाचू?

तो – वाच.

ती – प्रकल्प अर्ध्यावर रद्द झाला. प्रोजेक्ट मॅनेजरने पहिलं काय करावं?

तो – समाप्तीची प्रक्रिया पूर्ण करावी. झालेलं काम ताब्यात द्यावं, माणसांना मोकळं करावं, शिकलेले धडे लिहून ठेवावेत. प्रकल्प अर्धवट राहिला, तरी समाप्ती अर्धवट सोडू नये.

ती – बरोबर. शब्दन् शब्द.

तो – झाली ना सगळी? ठेव आता.

ती – नाही. आता चुकीचं सांगा.

तो – म्हणजे?

ती – रोजचं सांगा, तुमचं. पहिलं काय कराल?

तो – पंपापाशी जाईन.

ती – मग उठा. मी येते बरोबर, पायात चपला घालते.

तो – बस गं. साडेअकराला वीज तोडली त्यांनी. फाटकाला नवीन कुलूप आहे. मी बाहेर उभा राहून ऐकत होतो थोडा वेळ. चौदा महिने तो आवाज होता, तो बंद झाल्यावर पक्षी ऐकू यायला लागले. तिथे पक्षी आहेत, हे मला माहीतच नव्हतं.

ती – किती भरलं असेल एव्हाना?

तो – घोट्याच्या वर. उद्या माझा पेपर सुटेपर्यंत कमरेला लागेल.