भट्टीसमोरचा माणूस

पवईला मागे जुन्या छापचित्रांचं प्रदर्शन लागलं होतं ना, तिथे मी आईबाबांना घेऊन गेलो होतो रे. तीन-चारशे वर्षांपूर्वी युरोपात तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेली चित्रं. एकात लोखंडाचा कारखाना होता, भट्टी उघडी आणि चहूकडे ठिणग्या. बाबा विक्रोळीच्या एका कारखान्यातून रिटायर झालेत, पण आईने तो आतून कधीच पाहिला नव्हता. तिने सहज विचारलं, “यात तुम्ही कुठे असायचात?”

बाबा चित्रात इतके रमले होते, की त्यांनी भट्टीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या माणसावर बोट ठेवलं. “इथे.”

“इथे? मला तर स्टोअरमध्ये आहे म्हणून सांगितलेलंत!”

बाबांनी पटकन बोट मागे घेतलं. आई त्या ठिणग्यांकडे बघत राहिली. मग म्हणाली, “म्हणजे शर्टाला बारीक भोकं पडायची, ती विडीने नव्हेत?”

“विडी मी कधी ओढलीच नाही गं.”

“अहो, त्या विडीवरून जन्मभर भांडले मी तुमच्याशी!”

“भांडलीस तेच बरं झालं,” बाबा म्हणाले. “घाबरली असतीस, तर मला रोज घरातून निघणं जमलं नसतं.”