नाव नुसतं फुला

आबाजी: तो मोबाईल पालथा घाल आन् इकडे सरक, अशी माह्या गुडघ्यापाशी. एक गोठ सांगतो तुले. रामाची नाही, कृष्णाची नाही, तुह्याच पाळण्याची आहे. पुरी ऐक, आन् मंग तुले पायजे ते नाव लाव. मी आडवा येणार नाही.

फुला: आबाजी, गोष्ट नंतर. अमोलदादा सप्ताहाचा फ्लेक्स छापायला तिकडे अकोल्याला फ्लेक्सवाल्याच्या दुकानात बसून आहे. म्हणतो, दिवेलागणीच्या आत नाव सांग, नाहीतर तो दुसऱ्याचं काम मशीनला लावेल.

आबाजी: बसू दे त्याले. दुकानात पंखा असन. काय म्हणणं काय आहे त्याचं?

फुला: त्याचं नाही, सगळ्या सप्ताह कमिटीचं. 'ह.भ.प. फुला' एवढंच लिहिलं तर फ्लेक्स रिकामा दिसतो म्हणे. बाकीच्या दिवसांचे महाराज दोन-दोन ओळींत जेमतेम बसलेत. कोणी विनोदाचार्य, कोणी वाणीभूषण. आणि माझ्या दिवशी नुसतं फुला. दोन्हीकडे मोकळं मैदान. कमिटीचे वामनराव म्हणाले, तिथं दोन हत्ती काढू.

आबाजी: हत्ती वाईट नाही दिसत.

फुला: आबाजी.

आबाजी: बरं, बरं. मंग?

फुला: मग त्यांनीच नाव काढलं. साध्वी पुष्पेश्वरीदीदी.

आजी: हे कोन वो?

फुला: मीच, आजी.

आजी: अवं माय. मंग ताक कोनाले देऊ आता, तुले का दीदीले?

फुला: हसा. तुम्हाला काय जातं. पहिलं कीर्तन आहे माझं. लोक आधी नाव वाचतात, मग ठरवतात मांडवात बसायचं की चहा प्यायला जायचं. या फुला नावानं मला जन्मभर छळलंय. पहिलीत बाई म्हणाल्या, हे घरचं झालं, आता खरं नाव सांग. बडनेऱ्याला शेजारचे केशवराव भेटले की न चुकता सांगतात, आमच्या गावाकडे फुला नावाची म्हैस होती.

आबाजी: दुधाची चांगली असन.

फुला: माझी मैत्रीण रागिणी म्हणते, क्यूट आहे, पण मांजरीच्या पिल्लाचं वाटतं. एकट्या आमच्या कीर्तनाच्या जानराव गुरुजींना आवडतं. त्यांचं म्हणणं, लांब आलाप नंतर घ्यायचेच असतात, नाव सुरासारखं एकदाच लागलं पाहिजे. पण गुरुजी फ्लेक्स छापत नाहीत ना.

आबाजी: आन् तुले सोताले?

फुला: मला काही कळत नाही. म्हणून तर चिडले. मम्मीला विचारलं, तुम्ही असं नाव का ठेवलं, तर म्हणते आबाजींना विचार. पप्पा विषय बदलतात. आणि आत्या सांगायला लागली, की वरवंट्यापर्यंत येते, सगळे पोट धरून हसतात, आणि पुढचं राहूनच जातं.

आबाजी: म्हणून त म्हणतो, जवळ बस. पुढचंच सांगाचं आहे.

फुला: सांगा. पण लवकर. अभंग लावू नका मधे.

आबाजी: नाही लावत. तर ऐक. बारसं याच घरी होतं, पहिलं बाळंतपण माहेरचं. तुही माय पौर्णिमा तिकडे भिंतीले टेकून पाटावर बसलेली. किशोरराव, म्हणजे तुहे पप्पा, रेल्वेतून सुट्टी काढून सकाळीच आले. त्याहिनं नाव आधीच ठरवलं होतं. थर्माकोलची ही एवढाली अक्षरं कापून भिंतीवर लावली, वर चमकी शिंपडली. रिद्धिमा.

आजी: वरनात चमकी, भातात चमकी. पाव्हने जेवले का नटले, समजत नव्हतं.

आबाजी: नाव कोणीही ठरवो, पण ते कानात सांगाचा मान आत्याचा. आत्या म्हणजे कौशल्या, किशोररावाची एकुलती बहीण, तिकडे मेळघाटात धारणीले दिलेली. लग्नाले बरीच वर्षं झालेली, लेकरू नव्हतं. अजूनही नाही, ते तुले माहीतच आहे. तिच्या सासरकडची कोणीतरी म्हातारी बोलून गेली होती, का जिची कूस रिकामी, तिनं पाळण्याले हात लावू नये. कौशल्यानं ते मनावर घेतलं. येत नाही म्हणे, मले बरं नाही. मंग तुह्या मायनं बाजेवरून तिले फोन केला. म्हणे, ताई, तुमी आल्याशिवाय पाळणा हलणार नाही. तवा कुठी ते निघाली. नवं लुगडं नेसली, बाळंतविडा घेतला, आन् वाटेनं नुसतं ते नाव घोकत राहिली. रिद्धिमा, रिद्धिमा. कधी बोललेलं नाव नव्हतं ना ते, जिभेले सवय लावून राहिली होती.

फुला: बिचारी.

आबाजी: इकडे बाया जमल्या, घुगऱ्या झाल्या, पाळण्याले फुलं लागली, आन् आत्याचा पत्ता नाही. घाटात फोन लागत नसे तवा. अकोल्याची सीमा मावशी, तुह्या आजीची बहीण, घडीघडी घड्याळ पाहून म्हणे, मुहूर्त सरून राहिला, कोणीबी सांगा नाव, आजकाल कोण पाहते. पौर्णिमा एकच म्हणे, थांबू.

आजी: तुही माय तशी बोलत नाही, पन एकदा म्हनलं का म्हनलं.

आबाजी: शेवटी एक जीप दारात येऊन थांबली. कौशल्या उतरली. केसाईत धूळ, पदर एकीकडे, तोंड उन्हानं लाल. बायाहिनं तिले दमबी खाऊ देला नाही, गाणंच सुरू केलं. आता आपल्याकडची रीत तुले माहीत आहे. बाळाबरोबर वरवंट्यालेबी टोपडं-झबलं घालतात आन् दोघाईले पाळण्याच्या वरून-खालून फिरवतात. नजर लागाची असन त दगडाले लागो.

आजी: दोघाचं टोपडं म्या एकाच कापडाचं शिवलं होतं. उरलं होतं कापड, काय करता.

आबाजी: तेच नडलं. कोणाच्या तरी हातातलं टोपडं तिच्या हाती आलं. तिनं ते उराशी धरलं, डोळे मिटले, आन् जे दिवसभर घोकलं होतं ते कानात सांगितलं. कुर्रर्र, रिद्धिमा. पाठीवर बुक्क्या बसल्या, बाया ओरडल्या. डोळे उघडून पाहते, त बाळ आपलं मायच्या मांडीवर जांभई देऊन राहिलं, आन् हातात वरवंटा.

फुला: हे ऐकलं की मला अजूनही हसू येतं.

आबाजी: सगळेच हसले. मीबी हसलो. कौशल्याबी हसली. आन् तेवढ्यात सीमा मावशी म्हणाली, का नाव त गेलं दगडाले. ते उष्टं नाव आता लेकराले देऊ नका, आन् हिच्या हातून त देऊच नका. म्या म्हनलं नव्हतं का, ज्या बाईले... अर्ध्यावरच थांबली ते. पण बाकीचं सबन घराले ऐकू आलं.

फुला: म्हणजे काय?

आजी: समजली तू. काहून विचारतं.

आबाजी: हासू तुटलं बाप्पा. मले आठवते, कौशल्यानं वरवंटा अलगद खाली ठेवला. त्याचं टोपडं वाकडं झालं होतं, ते सरळ केलं. बाळंतविड्याची पिशवी पाळण्यापाशी ठेवली, आन् कोणाकडे न पाहता दाराकडे वळली. चपला शोधत होती. अंगणात चपलांचा ढीग, आन् तिले आपली जोडी दिसत नव्हती.

फुला: हे मला कोणीच कधी सांगितलं नाही.

आजी: कोन सांगीन? तुही आत्या वरवंट्यापाशी थांबते, ते काय उगीच? तठीच हसाचं सरते.

फुला: मग मम्मी?

आबाजी: पौर्णिमा उठली. ओली बाळंतीण, पाटावरून उठू नये, आम्ही हां हां म्हणतो तोवर दारात. काही भांडली नाही, मावशीले उलटून बोलली नाही. बाळ पुढे केलं आन् म्हणाली, "ताई, हे इकडे आहे. तुमच्यासाठीच थांबलं आहे."

आजी: म्या तवा रडून घेतलं. चुलीपाशी. धुराचं नाव सांगून.

आबाजी: कौशल्यानं तुले घेतलं. तू तिचं बोट धरलं, तान्ही लेकरं धरतात तसं. तिनं तोंड खाली नेलं, कानात काही पुटपुटली. आता कोणी गाणं म्हटलं नाही, बुक्क्या मारल्या नाही. किशोरराव भिंतीवरच्या अक्षराईखाली उभे. त्याहिनं विचारलं, काय सांगितलं? ते म्हणाली, "फुला."

फुला: पप्पा काय म्हणाले?

आबाजी: पह्यले भिंतीकडे पाहिलं. म्हणे, अगं, त्यातलं एकबी अक्षर कामी येत नाही. मंग जो गलका झाला. कोणी म्हणे जुनाट, कोणी म्हणे शाळेत पोट्टे चिडवतीन, कोणी म्हणे लय गोड आहे, मोगऱ्यासारखं. शेजारच्या भटजीनं पत्रिका काढली, का अक्षर राशीत बसत नाही. सीमा मावशीचं म्हणणं, यापेक्षा उष्टं बरं. तुही माय एवढंच म्हणाली, ताई, फुलाच काहून?

फुला: हो, तेच. फुलाच का?

आबाजी: तवा कौशल्यानं वाटेतलं सांगितलं. बस घाटातच बंद पडली होती. पुढे ना गाव, ना दुकान. मागून एकच जीप आली, आपल्या गावावरून अकोटले जाणारी, तीबी खचाखच, टपावर माणसं, पायदानावर माणसं. उभं राहाले बोटभर जागा नाही. कौशल्या रस्त्याच्या कडेले, पिशवी धरून, रडून राहिली. जीपमध्ये खिडकीपाशी एक बाई बसली होती. जंगलातल्या गावची, अंगावर साधं लुगडं, मांडीवर गाठोडं. तिनं विचारलं, काय झालं. कौशल्यानं सांगितलं, भाचीचं बारसं आहे, नाव मले सांगाचं आहे, सूर्य बुडाच्या आत नाही पोचली त मुहूर्त सरन. ते बाई गाठोडं घेऊन खाली उतरली.

फुला: तिला कुठं जायचं होतं?

आबाजी: अकोटच्या दवाखान्यात. तिची पोरगी बाळंत झाली होती. नात पाहाले निघाली होती ते.

फुला: आणि तरी उतरली?

आबाजी: कौशल्या नाही-नाही म्हणे. त ते बाई तिले तिकडच्या हिंदीत म्हणाली, "मेरीवाली तो आ गयी, माँ के पास सोई है. तेरीवाली बिना नाम की बैठी है. तू बैठ." आन् हात धरून बसवलंच तिले. जीप हलली, तवा कौशल्यानं खिडकीतून मान काढून ओरडून विचारलं, बाई, तुमचं नाव काय. मागून आवाज आला, फुला.

आजी: वाटभर ते दुसरं घोकलं, पन आतमधी हे जाऊन बसलं होतं.

आबाजी: कौशल्या म्हणे, वहिनी, मी ठरवून नाही केलं. बाळानं बोट धरलं, आन् मले दुसरं नावच आठवेना. चुकलं असन त बदला. पौर्णिमा म्हणाली, "नाही बदलत. तिच्या जागेवर बसून आल्या तुमी." किशोररावाले काय वाटलं देव जाणे. स्टूल घेतला आन् सोताच एकेक अक्षर काढाले लागले. मावशी न जेवता गेली, पण दिवाळीले तुह्यासाठी पैंजण घेऊन आली. त्यावर नाव कोरून आणलं होतं, फुला.

आजी: आन् वरवंट्याले मी आजबी रिद्धिमाच म्हनतो. चटनी लय बारीक वाटते माही रिद्धिमा.

फुला: मला वाटायचं, तुम्ही वेड्यासारखं काहीतरी म्हणता. ती बाई परत भेटली आत्याला?

आबाजी: नाही. कौशल्या धारणीच्या बाजारात दर आठवड्याले पाहे. जीपवाल्याईले विचारलं. तिकडे फुला नावाच्या पुष्कळ बाया. दोघी-चौघींना भेटूनबी आली, चहा पिऊन आली. ते नव्हती.

फुला: आत्या येणार आहे ना कीर्तनाला?

आजी: येनार म्हन्ते. मांगं बसीन म्हन्ते, खांबाच्या आड.

फुला: खांबाच्या आड कशाला? समोर बसवा तिला. मीच फोन करते. थांबा, आधी अमोलदादाला.

(फोन लावते.)

फुला: हां दादा, लिही. फुला. हो, नुसतं फुला. नाही, साध्वी नको, दीदी पण नको. तुला आवडत नसेल, माहीत आहे. वामनरावांनाही सांग, की मी नाही म्हटलं. दिसू दे रिकामं. लोक आले तर आले. हो, पक्कं. ठेवते.

आजी: ताक घे आता. फुलाले देतो.

फुला: आबाजी, अजून काही सांगायचं राहिलं?

आबाजी: गोठ सरली. एक मागणं आहे. कीर्तनाले उभी राहशीन, पह्यलं नमन गणपतीचं, मंग शारदेचं, मंग गुरुजीचं. ते सगळं बरोबर घे, तुले शिकवलेलं आहे. पण चाल धरण्याआधी थोडीशी थांबजो.

फुला: कशाला?

आबाजी: आपण इकडे घुगऱ्या वाटत होतो, तवा ते बाई घाटातच होती, गाठोडं घेऊन. तिले मंग दुसरी गाडी भेटली का नाही, ते आपल्याले काही समजलं नाही. तिची याद ठेवजो, बाई.