माळ्यावरचे कोरे टायर

(मुलांनो, आपल्या शेजारचे परशुराम मोटारवाले ओट्यावर बसून सांगत गेले, ते मी त्यांच्याच शब्दांत उतरवलं आहे; त्यातली 'बाई' म्हणजे मीच.)

माझं गाव अळनावरच्या अलीकडे, रानातलं. बाप लाकडाच्या गाड्या हाकायचा, आई मी रांगत होतो तेव्हाच गेली, मला वाढवलं ते अक्कानं, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीनं, आपल्या तोंडचा घास तिनं मला भरवला, हे मी आजही नाकारत नाही, बाई. पुढं तिला हुबळीत दिली, भावोजींचं दाजीबानपेठेत कापडाचं दुकान, मीही तिच्यामागं आलो, मोटार शिकलो आणि दुसऱ्या मोठ्या लढाईच्या आधी एक जुनी मोटार घेतली, हुबळीहून धारवाडावरनं अळनावरला माणसं न्यायची. काय सांगू तुम्हाला, जावयाला बघावं तसं गावातले लोक त्या मोटारीकडं बघायचे.

पुढची सोय म्हणून चार कोरे टायर आणि ट्यूबा घेतल्या होत्या. माझं घर गळकं, म्हणून भावोजींच्या माळ्यावर ठेवल्या. मग लढाई आली, रबर कुठं मिळेना, चाकांचे टायर फाटले, मी माळ्यावरचे मागायला गेलो, तर भावोजी म्हणाले, कौलं काढून चोरांनी नेले की रे. अक्का पदर डोळ्याला लावून रडली. उलट मीच तिची समजूत काढली, जाऊ दे अक्का, रडू नको.

फाटक्या टायरांत भाताचं काड कोंबून मोटार चालवली, बाई. लोक हसायचे, परशा, मोटारीला वैरण घालतोस, आता धारही काढ. तेही चालेना, तेव्हा मोटार दगडांवर चढवली, माझ्या रस्त्यावर दुसऱ्याची मोटार सुरू झाली, आणि मी अळनावरच्या डेपोत लाकडं उचलायला लागलो. फक्त दसऱ्याच्या सणाला, खंडेनवमीपासून, अक्काकडं यायचो.

लढाई संपली. त्या वर्षी खंडेनवमीला, हत्यारं-अवजारं पुजायच्या दिवशी, भावोजी हसत म्हणाले, चढ वर, तुझी लक्ष्मी बघ. वर चढलो, पोती सारली, तर चारी टायर. आनंदानं हात लावला आणि बोटं लाल झाली. कुंकू, बाई. वर ताजं, त्याच्याखाली जुनं काळपटलेलं, थरावर थर. म्हणजे दर खंडेनवमीला मी खाली बसून अक्काच्या हातची होळिगी, म्हणजे पुरणपोळी, खात होतो, आणि वर तिनं माझ्याच टायरांची पूजा केलेली होती.

अक्का म्हणाली, तम्मा, माझ्या धाकट्या, रागावू नको, त्या रानातल्या रस्त्यावर तू ते महिन्यात फाडले असतेस, मग लढाईनंतर काय केलं असतंस, ठेवलेली वस्तू झिजत नाही, तुझ्यासाठीच राखले, खोटं बोलले ते तुझ्यासाठीच, दर वर्षी शेंगदाण्याचं तेलसुद्धा चोळलं, चपलेला चोळतात तसं.

मी टायर गुडघ्यानं दाबला. थंडीत टाचा फुटाव्यात तशा भेगा पडल्या, आतलं सूत दिसलं. ट्यूब उलगडायला गेलो, तर घडीला घडी चिकटलेली, ओढली तर फाटून हातात आली, तेल लागलं होतं तिथं नुसता काळा चिकटा. रबर न वापरताही म्हातारं होतं, बाई, त्यात वर कौलांचा ताव आणि हे तेल. अक्का म्हणत राहिली, कोरे होते की रे, एकदाही रस्त्याला लागले नाहीत. मी खाली उतरलो. नवे टायर घ्यायला पैसा उरला नव्हता, मोटार पुढं भंगारात गेली.

आता दुसऱ्याची लॉरी चालवतो. अक्का बोलावते, जातो, जेवतो. वाढता वाढता ती विचारते, राग गेला का रे? मी म्हणतो, गेला. देव तिला माझंही आयुष्य देवो, मनापासून म्हणतो. पण खरं सांगू, चोर खरेच आले असते तर बरं झालं असतं. त्यांना पोटभर शिव्या तरी दिल्या असत्या.